हसली की पडायची

किळस कशाची येते ते मला विचारा. एकवीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली आहेत. वरच्या चार मजल्यांवर माणसांच्या अंगातून जे जे बाहेर पडतं, ते चादरीत गुंडाळून खाली तळघरात आमच्याकडे येतं. रक्त, पू, ओकारी, आणि जेवताना ज्याचं नाव घेऊ नये तेसुद्धा. पहिल्या आठवड्यात माझ्याच्याने डबा उघडवेना. दुसऱ्या आठवड्यात हात धुतले आणि जेवले. माणूस कशालाही सरावतो.

तर चादरींची किळस मला आता येत नाही. येते ती दात काढणाऱ्यांची. चारचौघं एका माणसाभोवती कोंडाळं करून खिदळायला लागली ना, की मी तिथून उठून जाते. आणि त्या कोंडाळ्यात पुढे उभी राहून सगळ्यांना हसवणारी बाई आठवली, की किळस दुप्पट होते. ती बाई मी होते. आता काय लपवायचं?

आमच्याकडे एक बाई आहे, डुलकी. खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण सोळा वर्षांत मुकादम सोडून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही. कामाला आली आणि तिसऱ्याच दिवशी ती चादर हातात धरून उभ्या उभ्या झोपली, आणि मीच म्हटलं, "अगं बाई, ही तर डुलकीच आहे!" झालं, बारसं उरकलं. नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आमचं काम दोघींचं असतं. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन, ताणायचं, झटकायचं, मग चालत एकमेकींजवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, पुन्हा मागे जायचं. असं दिवसभर. म्हणून आमच्यात जोड्या ठरलेल्या असतात आणि त्या मोडत नाहीत. जोडीतली एक रजेवर गेली तर दुसरीला त्या दिवशी मळक्या कपड्यांच्या खोलीत निवडायला बसवतात. त्यामुळे आपली जोडीदारीण आजारी पडू नये म्हणून आम्ही तिला नवऱ्यापेक्षा जपतो. डुलकी माझ्या वाट्याला आली. मुकादम म्हणाला, "तुमची जीभ चालते, ती जागी राहील." मेल्याला वाटलं, मोठी अक्कल चालवली.

ती कसली जागी राहते! पण एक सांगते, झोपली तरी तिचे हात थांबायचे नाहीत. डोळे अर्धवट मिटलेले, मान एका बाजूला, आणि हात आपले चालू. कोपरा जुळवायचे, घडी ठेवायचे, दुसरी चादर घ्यायचे. मी समोरून काही विचारलं की भलतंच उत्तर यायचं. "डुलके, किती वाजले?" तर म्हणायची, "हिरवा." मग दचकून जागी व्हायची आणि विचारायची, "ताई, मी काय म्हणाले?" आम्ही पोट धरून हसायचो.

आमचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी चालायचं. दोघी जवळ आलो की एक वाक्य, मागे गेलो की गप्प, पुन्हा जवळ आलो की पुढचं वाक्य. तिची सगळी जन्मकथा मी अशी चादरीच्या मापाने ऐकली. बारा-तेरा वर्षांची झाल्यापासून तिच्यामागे ही झोप लागलेली. शाळेत मास्तरांनी शिक्षा म्हणून बाकावर उभं केलं, तर बाकावर झोपली. बाप म्हणायचा, आळशाला गंगा दूर. आई म्हणायची, लग्न झालं की उडेल झोप. लग्न झालं, झोप काही उडाली नाही. नवरा भिंती रंगवायचा, स्वभावाने बरा, पण शिडीवरून पडला आणि कमरेतून गेला तो घरीच बसला. एक मुलगी. तेव्हा घर हिच्यावर, आणि घर म्हणजे हॉस्पिटलच्या मागच्या दोन खोल्या, ज्या लाँड्रीच्या नोकरीसोबत मिळतात. नोकरी गेली की खोल्या गेल्या.

आणि गंमत म्हणजे, दिवसभर झोपणाऱ्या ह्या बाईला रात्री धड झोप नाही. तासातासाला जाग यायची. डोळा लागता लागता माणसं दिसायची. एकदा मला म्हणाली, "ताई, त्या गठ्ठ्यांमागे एक बाई उभी आहे. ओले केस आहेत. माझ्याकडेच बघते आहे." मी वळून बघितलं. तिथे कोण असणार? गठ्ठे होते. मी दुपारी सगळ्यांना सांगितलं, डुलकीला भुतं दिसायला लागली. माझ्या पोटात तीळ भिजत नाही. आणि तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

आता पडण्याचं सांगते.

ती येऊन दोन महिने झाले असतील. आमचा मुकादम बोलताना आधी घसा खाकरतो, मग चष्मा कपाळावर चढवतो, आणि मग तोच चष्मा शोधतो. मी त्याची नक्कल करत होते. "माझा चष्मा कुणी घेतला? इथे शिस्त म्हणून काही आहे की नाही?" डुलकी समोर चादर धरून उभी होती. ती खळखळून हसली. हसता हसता तिचा जबडा सैल पडला, मान लुडकली, गुडघे वाकले आणि बाई खाली. चादरीसकट. आम्ही घाबरलो. मी हाका मारल्या, गाल थोपटले. हूं नाही की चूं नाही. दोन मिनिटांनी आपली उठली, साडी नीट केली आणि कोपरे पुन्हा हातात घेतले.

रोलरवाला, म्हणजे जो वाफेच्या मोठ्या रोलरमधून चादरी काढतो तो, म्हणाला, "काही नाही हो, झोपली असेल. हिचं नेहमीचंच." आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. झोपाळू बाई पडली म्हणजे झोपलीच असणार, आणखी काय? आमच्या डोक्यावर चार मजले भरून डॉक्टर होते. पण एकालाही आम्ही विचारलं नाही. विचारायचं कशाला, आम्हाला उत्तर माहीत होतं ना!

मग त्याचा खेळ झाला. सांगायची लाज वाटते, पण ऐका. डब्याच्या सुट्टीत कुणीतरी म्हणायचं, "ताई, आज पाडताय का?" आणि मी पाडायची. कधी मुकादमाची नक्कल, कधी वरच्या नर्सबाईंची चाल. ती आधी ओठ दाबून धरायची, दुसरीकडे बघायची, "ताई, नको ना" म्हणायची. तिला हसू लवकर यायचं. फार मोकळं, छान हसायची. आणि मग धप्प. ती पडली की रोलरवाला एक पांढरी चादर तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत ओढायचा आणि अंगठ्याला गठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचा. वरच्या मजल्यावर कुणी गेलं की बांधतात तशी. इतर खात्यांतली माणसंसुद्धा बघायला यायची. आम्ही तिच्याभोवती उभं राहून काय वाट्टेल ते बोलायचो. झोपलेल्या माणसासमोर कसला आडपडदा?

पाच वर्षं हा तमाशा चालला. मग एक दिवस डुलकी हसायची बंद झाली. म्हणजे अगदी बंद. मी जंग जंग पछाडलं, पण तिचा चेहरा ढिम्म. हसायची वेळ आली की ती मनातल्या मनात आकडे म्हणायची, ओठ हलताना दिसायचे. लोकांना वाटलं, घरचा ताप, नवऱ्याचं दुखणं, वय. मलाही तसंच वाटलं. "सुतकी तोंडाची झाली आहे," असं मी चारजणींत म्हटलंही. कामात मात्र तिने कधी खोट काढू दिली नाही. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. "ताई, ताणा." "ताई, कोपरा." अकरा वर्षं माझ्यासमोर चादर धरून ती एवढंच बोलली, आणि माझ्यासारख्या बडबड्या बाईला त्यात काही वेगळं वाटलं नाही. माझं बोलणं चालू होतं ना, मग झालं.

यंदा मात्र कडेलोट झाला. झोपेत तिचे हात चालतात हे सांगितलंच. एका दुपारी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तासाभरासाठी. त्या वेळात तिला छोट्या चादरींच्या घड्या घालायला लावलं होतं. हिने झोपेतच मशीनमधून काढलेल्या ओल्या चादरी उचलल्या, चाळीसच्या चाळीस सुरेख घड्या घातल्या, गठ्ठा बांधला, चिठ्ठी लावली. तो गठ्ठा गेला थेट ऑपरेशनच्या खोलीत. उघडला तेव्हा त्याला वास सुटला होता. वरून बोंबाबोंब झाली. मुकादमाने लगेच कागद रंगवला: कामावर झोपण्याची सवय, वारंवार समज देऊनही सुधारणा नाही, काढून टाकावे.

वारंवार समज! पाच वर्षं हाच मुकादम डुलकी पडलेली बघायला दारात उभा राहून दात काढत होता. नाकाने कांदे सोलणारा मेला. मला त्याची इतकी शिसारी आली की मी त्याच्या तोंडावर म्हणाले, "साहेब, लाज वाटते का थोडी?" तो म्हणाला, "बाई, तुम्ही तुमचं बघा."

डुलकी त्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यापाशी कामाबाहेरचं बोलली. आम्ही चादर जुळवत जवळ आलो तेव्हा म्हणाली, "ताई, खोल्या गेल्या तर ह्यांना घेऊन कुठे जाऊ? हे चार पायऱ्या चढू शकत नाहीत." मग मागे गेली. पुन्हा जवळ आली तेव्हा म्हणाली, "ताई, कोपरा."

नियम असा की काढण्याआधी डॉक्टरी तपासणी करायची. तिसऱ्या मजल्यावर झोपेच्या दुखण्यांची डॉक्टर नवीन आली होती. लहानसर चणीची, पोरसवदा, पण डोळा तीक्ष्ण. तिने डुलकीला रात्रभर वायरी लावून झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, "आता थोडं पडा" म्हणत पाच वेळा पाडलं. पाचही वेळा डुलकी दोन मिनिटांच्या आत झोपली, आणि झोपली ती थेट स्वप्नात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की धडधाकट माणसाला स्वप्नापर्यंत जायला तास-दीड तास लागतो. हिची झोप आणि जाग ह्यांच्यामधला दरवाजाच नीट लागत नाही. स्वप्न जागेपणी आत शिरतं, म्हणून ती ओल्या केसांची बाई दिसायची.

मुकादम हे ऐकून म्हणतो कसा, "मलाही दिवसा गादी द्या, मीही दोन मिनिटांत झोपतो! ह्याला काय आजार म्हणायचं?" आणि ऑफिसातल्या लोकांनी माना डोलावल्या. आपलं ठेवायचं झाकून!

मग डॉक्टरीणबाईंनी डुलकीला विचारलं की हसलं किंवा राग आला की हातपाय गळतात का. डुलकी म्हणाली, "गळायचे. आता मी हसत नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेच मला दाखवा, ते एकदा समोर दिसलं की कुणाच्या बापाला आळस म्हणता येणार नाही. त्यांनी खोलीत विनोद सांगून बघितले. डॉक्टरांचे विनोद ते. डुलकी ढिम्म. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला सगळ्यात जास्त कोण हसवायचं?"

डुलकीने माझं नाव सांगितलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डॉक्टरीणबाई खाली तळघरात आल्या, हातात रबरी हातोडी. ऑफिसचा एक कारकून आला. मुकादम आला, हाताची घडी घालून. रोलरवाल्याने रोलर थांबवला. मी आणि डुलकी चादर धरून समोरासमोर उभ्या राहिलो. डॉक्टरीणबाईंनी खाली गादी टाकून घेतली होती, मला एवढ्या वर्षांत ते कधी सुचलं नाही. म्हणाल्या, "हं, नेहमीसारखं करा."

नेहमीसारखं! जो घाणेरडा खेळ आठवला की मला स्वतःची शिसारी येते, तो डॉक्टरसमोर, तिच्या नोकरीसाठी करायचा. मी नर्सबाईंची चाल केली. डुलकीचे ओठ हलत होते, आकडे चालले होते. मी दाताच्या डॉक्टरची नक्कल केली. काही नाही. कारकुनाने घड्याळ बघितलं. मुकादम म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो? सगळी नाटकं."

मला असा संताप आला! मी चादर सोडली, घसा खाकरला, नसलेला चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच्यासमोरच सुरू झाले. "माझा चष्मा कुणी घेतला? ह्या खात्यात सोळा वर्षं चोऱ्या होत आहेत! कागद आणा! मी कागद रंगवतो! चष्मा सापडेपर्यंत कुणीही जागं राहायचं नाही!" पोट पुढे काढून मी गठ्ठ्यांखाली, बादलीत, कारकुनाच्या खिशात चष्मा शोधला.

रोलरवाला श्वास रोखून उभा. सगळ्यांची पाचावर धारण बसली. आणि मुकादम? मुकादम मोठ्याने हसला! टाळी वाजवून म्हणाला, "अगदी हुबेहूब! हा वरच्या स्टोअरचा बाबू ना? मी सांगत असतो, अगदी मूर्ख माणूस आहे." आणि हसता हसता त्याने चष्मा कपाळावर चढवला.

डुलकी हसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आधी नाकातून एक बारीक आवाज, मग ओठ सुटले आणि ते जुनं खळखळून हसणं बाहेर आलं. एवढं छान वाटलं मला, खोटं कशाला बोलू. मग जबडा सैल पडला, मान लुडकली आणि ती गादीवर कोसळली.

डॉक्टरीणबाई झटकन खाली बसल्या. तिचा गुडघा वर घेऊन हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. नाही. रोलरवाल्याला स्टुलावर बसवून त्याच्या गुडघ्यावर मारली, तर त्याचा पाय ताडकन उडाला. "हे मुद्दाम थांबवता येत नाही," त्या मुकादमाला म्हणाल्या. "स्वप्न बघताना आपण उठून पळू नये म्हणून शरीर हातपाय बंद करून टाकतं. सगळ्यांचंच. ह्यांचे हातपाय हसल्यावर, जागेपणी बंद होतात."

मुकादम म्हणाला, "म्हणजे झोपल्याच की."

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी अलगद तिच्या पापण्या वर केल्या. "ह्या पूर्ण जाग्या आहेत. आपण बोलतो ते सगळं ह्यांना ऐकू येतं. आत्ताही. फक्त बोट हलवता येत नाही."

डुलकीचे डोळे डॉक्टरीणबाईंवरून सरकले आणि माझ्यावर येऊन थांबले. अंगावर कुणी मळकं पाणी ओतावं तशी मी उभी राहिले.

कारण मला तो दिवस आठवला. ती हसायची बंद झाली त्याच्या आदल्या दिवसाचं सांगते.

त्या दिवशीही मी तिला पाडलं होतं. चादर ओढून झाली होती, चिठ्ठी बांधून झाली होती. कुणीतरी म्हणालं, "हिने पोर कसं वाढवलं असेल गं?" आता मला माहीत होतं, आणि फक्त मलाच माहीत होतं. एका आठवड्यापूर्वी तिने चादरी जुळवताना, जवळ आल्यावर एकेक वाक्य करून मला सांगितलं होतं. मुलगी चार महिन्यांची असताना पहिल्यांदा आवाज काढून हसली. तिला बघून ही हसली. हिचे हात गळले. पोर फरशीवर पडलं, भुवई फुटली, टाके पडले. घरी हिने सांगितलं की पाळण्यातून पडली. नवऱ्याला अजून माहीत नाही, मुलीला माहीत नाही. "ताई, कुणाला सांगू नका," असं म्हणाली होती.

आणि मी सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी टॉवेलची गुंडाळी केली, ती पोरासारखी कडेवर धरली, "अगो माझी बाय ती!" केलं, खी खी हसले आणि टॉवेल फरशीवर टाकला. सगळे लोळले. रोलरवाला तेव्हा वाफ बंद करायला गेला होता. तो आला आणि म्हणाला, "काय, काय झालं?" मग मी पुन्हा करून दाखवलं. मग मशीनवाल्यासाठी तिसऱ्यांदा. आणि डुलकी तिथेच होती, दोन हातांवर, पांढऱ्या चादरीखाली. आम्हाला वाटत होतं, झोपली आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती आकडे मोजायला लागली. आणि मी म्हणत होते, सुतकी तोंडाची झाली.

त्यानंतर अकरा वर्षं ती रोज चादर धरून माझ्यासमोर उभी राहिली. भांडली नाही, एक शब्द बोलली नाही. जोडी मोडायची कुठली सोय होती? जिभेला हाड नसतं म्हणतात ना, माझ्या सगळ्या अंगातच नसावं.

दोन मिनिटांनी तिचं बोट हललं, मग हात, मग ती उठून बसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडलेल्या असताना काय काय ऐकलंत, सांगा बघू."

डुलकीने शांतपणे सांगितलं. "तुम्ही म्हणालात, मुद्दाम थांबवता येत नाही. ह्यांचा पाय उडाला तेव्हा स्टूल वाजलं. साहेब म्हणाले, म्हणजे झोपल्याच की. कारकून म्हणाले, अरे बापरे." शब्दाला शब्द. ऐकता ऐकता रोलरवाल्याने मान खाली घातली. त्यालाही टॉवेल आठवला असणार. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. एवढे आम्ही सगळे निर्लज्ज, पण त्या एका मिनिटात माझ्यासकट प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाची किळस आली असेल. निदान माझ्या तोंडात तरी कडू आलं होतं.

कारकुनाने तिथल्या तिथे लिहून घेतलं: आजार सिद्ध, नोकरी कायम. मुकादम चष्मा शोधत बाहेर निघून गेला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सांगितल्या, दिवसातून दोनदा वीस मिनिटं झोपायची सूट लिहिली, रोलरजवळ जायचं नाही असं लिहिलं. मग फॉर्मचं दुसरं पान उलटलं.

"आता एक महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. "गोळ्यांनी पडणं कमी होईल, पण अधूनमधून होईलच. तेव्हा एका माणसाने जवळ बसायचं, डोकं सांभाळायचं आणि उठेपर्यंत सोडून जायचं नाही. नेमून दिलेलं माणूस लागतं. रोज सोबत काम करणारं. नाव काय लिहू?"

"माझंच लिहा," मी घाईघाईने म्हणाले. मला ते नाव तिथे हवं होतं हो. असं वाटलं, तेवढं एक काम तरी मला मिळू दे, जन्मभर करीन. "सोळा वर्षांची जोडी आहे आमची. मीच सांभाळीन." डॉक्टरीणबाई हसल्या आणि लिहायला लागल्या.

"डॉक्टर, थांबा," डुलकी म्हणाली.

ती गादीवरून उठली, साडी झटकली. आवाजात राग नव्हता, रोज "ताई, ताणा" म्हणायची तसाच आवाज. "ताईंनी आज मला हसवलं. माझं घर वाचलं. ते मी कधी विसरणार नाही. पण तिथे दुसऱ्या कुणाचंही नाव लिहा. मी पडलेली असताना ताई माझ्याजवळ नकोत."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी माझं अर्धं लिहिलेलं नाव खोडलं.